राजदूतवरचा चिखलदरा

फ्रान्सच्या आल्प्समधला गालिबिए घाट २,६४२ मीटर उंच. उन्हाळ्यात तिथे मोटारसायकलवाल्यांचे जथेच्या जथे निघतात. आम्हां वर्धेकरांचा आल्प्स म्हणजे चिखलदरा. उंची सुमारे १,१०० मीटर, पण सपाटीवरच्या माणसाला तेवढीही पुरते!

१९८८ साली बँकेतले आम्ही पाचजण पाच राजदूत घेऊन पुलगाव, अमरावती, परतवाडा करीत तिकडे गेलो. चढापेक्षा उतारच अवघड. या गाडीचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले. गिअरमध्ये रेस सोडून बराच वेळ उतरलो, की इंजिनाला ऑइल पुरत नाही आणि ते सीज होते. म्हणून मधूनमधून रेस द्यायची. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग नुसत्या ब्रेकवर विसंबतात, आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी लागत नाहीत.

आमचे थोरले कॅशियर सर्वांत हळू चालवीत. मी त्यांनाच पुढे घातले. तरुण मंडळी कुरकुरली. एकाच्या मागे तर नवी नवरी बसलेली. त्याला ऐट दाखवायची होती.

एका आंधळ्या वळणावर चढती एस.टी. अर्ध्याहून अधिक रस्ता व्यापून समोर आली. पाचही गाड्या डाव्या कडेला जागच्या जागी थांबल्या. नवरीने डोळे उघडले तेव्हा बस निघून गेली होती.

परतवाड्याला चहाचे पैसे कुरकुरणाऱ्यांनी दिले.