वाणीविवेक, ख्रिस्ती
सत्य आणि परहितबुद्धी यांचा बोलण्यात मेळ राखण्यासंबंधीची ख्रिस्ती नीतिशास्त्रातील शिकवण. तिचे मूळ ज्यू परंपरेत आहे. दशाज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे (रोमन कॅथलिक व ल्यूथरन गणनेनुसार ही आठवी आज्ञा, इतर बहुतेक पंथांच्या मते नववी). या आज्ञेचा रोख प्रथमतः न्यायसभेतील साक्षीवर होता. जुन्या करारातील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाने चहाडी, खुशामत, उतावळे उत्तर इ. नित्याच्या दोषांचाही विचार केला.

मत्तयकृत शुभवर्तमानानुसार येशूने भावाला उद्देशून काढलेल्या अपशब्दांचा विचार मनुष्यवधाच्या आज्ञेच्या अनुषंगाने केला. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला घोड्याचा लगाम, जहाजाचे सुकाणू व रान पेटविणारी ठिणगी यांच्या उपमा दिल्या आहेत. ज्या मुखाने देवाची स्तुती करावयाची, त्याच मुखाने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या मनुष्याला शाप द्यावयाचा, ही विसंगती तेथे दाखविली आहे. दुर्वचन हा केवळ शिष्टाचाराचा भंग न ठरता पाप का ठरतो, याचे उत्तर या विचारात आहे.

सत्य प्रेमाने बोलावे, असे इफिसकरांस पत्रात सांगितले आहे. तथापि या दोहोंत विरोध आल्यास काय करावे, हा प्रश्न उरतोच. सेंट ऑगस्टीनच्या (३५४–४३०) मते परोपकारासाठीही असत्य बोलणे पापच होय. त्याचा चरित्रकार पॉसिडियस याच्या सांगण्यानुसार, परनिंदा करणाऱ्यास या पंक्तीत स्थान नाही, अशा आशयाच्या काव्यपंक्ती त्याच्या भोजनाच्या मेजावर कोरलेल्या होत्या. उलटपक्षी, केवळ खरे असल्याने कोणतेही बोलणे निर्दोष ठरत नाही, हे सेंट टॉमस अक्वायनसच्या (सु. १२२५–७४) विवेचनावरून दिसते. ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात त्याने समक्ष केलेला अपमान, पाठीमागची निंदा, चहाडी, उपहास व शाप यांचा वेगवेगळा विचार केला आहे. दुसऱ्याचा झाकलेला दोष, तो खरा असला तरी, त्याच्या अपकीर्तीसाठी उघड करणे ही निंदाच होय. चहाडीने मैत्री तुटते, म्हणून ती निंदेहूनही वाईट. आणि निंदा आवडीने ऐकणाराही दोषी असतो. हिरावलेल्या धनाप्रमाणे हिरावलेल्या नावलौकिकाचीही शक्य तितकी भरपाई करणे त्याने आवश्यक मानले. मात्र याचा अर्थ मौन नव्हे : चुकणाऱ्यास प्रथम एकांतात समज देणे हे त्याच्या मते प्रेमाचेच कार्य आहे.

ऑगस्टीनची भूमिका व्यवहारात फार कठोर वाटते, हे मान्य करावे लागते. नाझी राजवटीत तुरुंगात असलेल्या डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) या जर्मन ल्यूथरन धर्मोपदेशकाने सत्यकथनावरील आपल्या निबंधात एक उदाहरण घेतले आहे. शिक्षक भर वर्गात एका मुलाला, त्याचे वडील दारू पिऊन घरी येतात काय, असे विचारतो. वडील खरोखरच तसे येत असूनही मुलगा नाकारतो. बोनहोफरच्या मते घरातील गोष्ट अशी चारचौघांत विचारण्याचा अधिकारच शिक्षकाला नाही. मुलाचे उत्तर खोटे असले, तरी त्याने कौटुंबिक जीवनाची मर्यादा राखली आणि दोषाचा भार प्रश्न विचारणाऱ्यावर येतो. हा निबंध अपूर्ण राहिला. त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नीतिशास्त्रविषयक ग्रंथात तो समाविष्ट करण्यात आला.