घरच्या संगणकाचा प्रोसेसर : निवड कशी करावी?

पोत्यावरील छाप पाहून माल उचलावा, असे बालाघाटच्या तांदळाच्या व्यापाऱ्यास कोणी शिकविणार नाही. पोत्यावर 'चिन्नोर' लिहिलेले असले, तरी मूठभर दाणे तळहातावर घेऊन व वास पाहूनच भाव ठरतो. परंतु हेच आपले बंधू मुलांच्या अभ्यासाकरिता व घरच्या हिशेबाकरिता संगणक घ्यावयास गोंदियास किंवा नागपुरास जातात, तेव्हा 'आय-सेव्हन' एवढा एकच शब्द ऐकून पैसे मोजून येतात. आम्हीही तसेच केले. २०२० साली एक वापरलेला संगणक स्वस्त मिळतो म्हणून घरी आणला. त्यातील प्रोसेसर 'आय-सेव्हन २६००', म्हणजे दुसऱ्या पिढीचा, २०११ सालचा, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविले. आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करावयाचे व जीएसटीची विवरणपत्रे भरावयाची, त्याला कुलूपच राहिले नाही.

प्रोसेसर म्हणजे संगणकात आकडेमोड करणारा व आज्ञा पाळणारा भाग. व्यापाऱ्यांस गंमत वाटावी अशी गोष्ट ही की, इंटेलचा पहिला प्रोसेसर, १९७१ सालचा '४००४', हा बुसिकॉम नावाच्या जपानी कंपनीच्या हिशेबयंत्राकरिताच तयार झाला होता.

आता नावाचा अर्थ. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हा केवळ दर्जा झाला. पिढी कळते ती पुढील आकड्यावरून. '१२१००' यातील पहिले दोन अंक बाराव्या पिढीचे; '८१००' असे चारच अंक असतील, तर पिढी आठवी. तांदूळ जितका जुना तितका मोलाचा. प्रोसेसरचे नेमके उलट आहे. २०२२ साली बाजारात आलेला आय-थ्री १२१०० आणि आमचा तो आय-सेव्हन, दोहोंतही चारच कोअर. पण नव्याचा एकेक कोअर जुन्याच्या साधारण दुप्पट काम करतो, आणि विजेचे मान ९५ वॅटऐवजी ६० वॅट. इंटेलने अलीकडे 'कोअर अल्ट्रा' अशी निराळी नावेही काढली आहेत. म्हणून विक्रेत्याकडून पूर्ण क्रमांक व तो कोणत्या वर्षीचा, हे दोन्ही विचारावे.

कोअर म्हणजे पेढीवरील मुनीम समजा. एकाच खतावणीत एकामागून एक नोंदी करावयाच्या असतील, तर आठ मुनीम बसवून काम आठपट होत नाही; तेथे एक चपळ मुनीम उपयोगी. टॅलीतील हिशेब, पत्रव्यवहार, मुलांचे ऑनलाइन वर्ग, प्रवचनांच्या चित्रफिती, एवढ्या कामास चार चांगले कोअर पुरतात. छायाचित्रे व चित्रफिती यांचे संपादन घरी होत असेल, तर सहा घ्यावेत, ए.एम.डी.चा रायझेन ५ ५६००जी या जातीचा आहे. त्यापुढचा खर्च खेळांच्या शौकिनांनी करावा.

एका अक्षराने मात्र पुष्कळजण फसतात. इंटेलच्या क्रमांकाअखेर 'एफ' असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र उमटविणारा ग्राफिक्सचा भाग चालू नसतो. तो थोडा स्वस्त पडतो. परंतु निराळे ग्राफिक्स कार्ड बसविल्यावाचून पडदा काळाच राहतो, आणि वाचविलेल्या पैशांहून अधिक त्या कार्डास लागतात. ए.एम.डी.च्या साध्या '५६००' मध्येही हा भाग नाही. शेवटी 'जी' असलेल्यात आहे. घराकरिता ग्राफिक्ससह असलेलाच घ्यावा.

आय-सेव्हनऐवजी आय-थ्री घेऊन जी रक्कम उरते, ती एस.एस.डी. व सोळा जी.बी. मेमरी यांवर घालावी. संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ बहुधा जुन्या हार्ड डिस्कमुळे असतो. दोष मात्र प्रोसेसरला दिला जातो. वीज अवचित जाते तेथे यू.पी.एस. हवाच. राइस मिलच्या आसपास राहणाऱ्यांनी आतील पंख्यावरील धूळ उन्हाळ्यापूर्वी काढवून घ्यावी. कोंड्याने पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो व आपण होऊन मंदावतो.

नव्या पेटीबंद प्रोसेसरवर सहसा तीन वर्षांची हमी असते. बिलावर नुसते 'आय-थ्री संगणक, एक नग' असे लिहून घेऊ नये. शेवटच्या अक्षरासह पूर्ण क्रमांक लिहवून घ्यावा, आणि यंत्र घरी आणण्यापूर्वी दुकानातच सुरू करवून, सेटिंग्जमधील 'सिस्टिम'खाली 'अबाउट' उघडून तो बिलाशी ताडून पाहावा.