महाविद्यालय विकास समिती : पंधरा खुर्च्या आणि शिफारशीचा अधिकार

रत्नागिरी - महाविद्यालयात एखादा नवा अभ्यासक्रम सुरू होतो, एखाद्या विषयाची तुकडी बंद पडते, ग्रंथालयाची तरतूद कमी होते आणि प्रवेशद्वाराची कमान मात्र उभी राहते. विद्यार्थ्यांना आणि पालकांना हे निर्णय समजतात ते सूचना फलकावरून. ते कोणत्या बैठकीत झाले, त्या बैठकीत कोण उपस्थित होते आणि कोणी कोणती भूमिका घेतली, याची विचारणा सहसा होत नाही. ‘प्राचार्यांनी ठरवले’ किंवा ‘संस्थेने ठरवले’ एवढ्यावर विषय संपतो. वास्तविक अशा निर्णयांच्या विचारासाठी कायद्याने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात एक समिती बंधनकारक केली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील कलम ९७ नुसार स्थापन होणारी ही महाविद्यालय विकास समिती. १ मार्च २०१७ पासून हा कायदा अमलात आला. मात्र या समितीत कोण असते, तिला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

तीन ठिकाणची सत्ता

रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालये बहुतांशी स्थानिक शिक्षण संस्थांनी उभी केली. रत्नागिरी शहरातील गोगटे-जोगळेकर महाविद्यालय रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने १९४५ मध्ये सुरू केले. त्यानंतर चिपळूण, दापोली, देवरूख अशा ठिकाणीही गावकऱ्यांच्या आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या देणग्यांवर महाविद्यालये उभी राहिली. जागा, इमारत आणि नेमणुका संस्थेच्या हाती, अनुदानित पदांचे वेतन शासनाकडून आणि अभ्यासक्रम व पदवी विद्यापीठाकडून, अशी ही व्यवस्था आहे. रत्नागिरीच्या बाबतीत हे अंतर भौगोलिकही आहे. उच्च शिक्षण सहसंचालकांचे कोकण विभागाचे कार्यालय पनवेलला आणि विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईत. रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र असले, तरी अंतिम निर्णयासाठी फाइल मुंबईच्या दिशेनेच जाते. त्यातच अनेक संस्थांचे काही पदाधिकारीही मुंबई-पुण्यात वास्तव्याला असतात.

अशा परिस्थितीत महाविद्यालयाच्या आवारात, महाविद्यालयातीलच माणसांना बरोबर घेऊन बसणारी वैधानिक समिती म्हणून विकास समितीला महत्त्व आहे.

पंधरा जणांचे गणित

कायद्याप्रमाणे समितीत पंधरा सदस्य असतात. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी हे समितीचे अध्यक्ष. संस्थेचे सचिव किंवा त्यांचा प्रतिनिधी. प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन शिक्षक, ज्यांत किमान एक महिला असणे आवश्यक आहे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला एक कर्मचारी. शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक व्यक्ती. त्यांची नियुक्ती संस्था प्राचार्यांशी विचारविनिमय करून करते आणि त्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. त्याखेरीज अंतर्गत गुणवत्ता हमीच्या कामाचे समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव आणि सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य.

ही यादी कोणी कोणाला नेमले या दृष्टीने पुन्हा वाचली, की बैठकीचे चित्र स्पष्ट होते. अध्यक्ष, सचिव आणि चार स्थानिक सदस्य असे सहा जण संस्थेच्या बाजूचे. प्राचार्य, त्यांनी नेमलेला विभागप्रमुख आणि गुणवत्ता समन्वयक असे तिघे प्रशासनाचे. मतदानाने आलेले शिक्षक व कर्मचारी चौघे. उरलेले दोघे विद्यार्थी. म्हणजे संस्था आणि प्रशासन यांचे एकमत असेल, तर पंधरापैकी नऊ मते बैठकीपूर्वीच निश्चित असतात. निवडून आलेल्या चौघांनी आणि दोन्ही विद्यार्थ्यांनी एकत्र विरोध केला, तरी आकडा सहावरच थांबतो.

१९९४ च्या विद्यापीठ कायद्यात याच कामासाठी कलम ८५ नुसार स्थानिक व्यवस्थापन समिती होती. तिच्यात दहा सदस्य होते. संस्थेचे अध्यक्ष, सचिव व तीन स्थानिक सदस्य, तीन निर्वाचित शिक्षक, एक निर्वाचित शिक्षकेतर कर्मचारी आणि प्राचार्य. तेथे दहापैकी चौघे निवडून येत. आता पंधरापैकी चौघे येतात. नव्या कायद्याने समितीचा पसारा वाढवला, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांना जागा दिली, हे स्वागतार्हच आहे. मात्र शिक्षकांची व कर्मचाऱ्यांची निर्वाचित संख्या आहे तेवढीच राहिल्याने त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांवरून सुमारे सत्तावीस टक्क्यांवर आले, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येणार नाही.

मतदार कोण?

शिक्षकांच्या तीन जागांसाठी मतदानाचा हक्क पूर्णवेळ शिक्षकांना आहे. वरवर पाहता ही किरकोळ अट वाटते. परंतु राज्यात प्राध्यापकांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिली आणि ती पोकळी तासिका तत्त्वावरील शिक्षकांनी भरून काढली. वर्गात प्रत्यक्ष शिकवणारा, पेपर तपासणारा, प्रसंगी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिरही सांभाळणारा हा शिक्षक विकास समितीच्या मतदार यादीत बसत नाही. निवृत्तीमुळे पूर्णवेळ शिक्षकांची संख्या जसजशी घटते, तसतसा मतदारसंघही आकसत जातो. लहान महाविद्यालयात तर निवडणूक ही औपचारिकता ठरण्याची शक्यता असते. सदस्यत्वाची मुदत पाच वर्षांची असल्याने एकदा झालेली निवड दीर्घकाळ टिकते.

विद्यार्थ्यांच्या जागांची कथा निराळी. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारानंतर १९९० च्या दशकात खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर आधारित नियुक्त्या सुरू झाल्या. २०१६ च्या कायद्याने पुन्हा निवडणुकांची तरतूद केली. २०१९ मध्ये त्यांची तयारीही झाली. परंतु विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि पुढील वर्षी करोनाची साथ आली. विद्यार्थी परिषदच रीतसर अस्तित्वात नसेल, तर समितीतील विद्यार्थ्यांच्या दोन खुर्च्यांना अर्थ उरत नाही.

‘ठरवणे’ आणि ‘शिफारस करणे’

समितीच्या कर्तव्यांची यादी मोठी आहे. महाविद्यालयाचा सर्वंकष विकास आराखडा तयार करणे, वार्षिक वेळापत्रक ठरवणे, नवे अभ्यासक्रम व नवी पदे यांबाबत शिफारस करणे, विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा आढावा घेणे, वार्षिक अंदाजपत्रक तयार करून संस्थेकडे मंजुरीसाठी पाठवणे, नॅकच्या व लेखापरीक्षणाच्या अहवालांवर विचार करणे, अशी ही कामे आहेत. मात्र पैशाशी आणि पदांशी संबंधित बहुतेक कलमांतील क्रियापद ‘शिफारस करणे’ हेच आहे. अंतिम मंजुरी संस्थेची.

संस्थाचालकांच्या बाजूने यामागे सबळ कारण सांगितले जाते. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते आणि तिच्या मालमत्तेचा व हिशेबाचा जाब धर्मादाय आयुक्तांपुढे विश्वस्तांनाच द्यावा लागतो. ज्याच्यावर दायित्व, त्याच्याकडे अधिकार, हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु अनुदानित पदांचे वेतन शासकीय तिजोरीतून आणि शुल्क पालकांच्या खिशातून येत असताना केवळ विश्वस्तांचे मत पुरेसे नाही, हीच तर अशी समिती निर्माण करण्यामागची भूमिका आहे.

विषयपत्रिकेचे राजकारण

बहुमत अगोदरच ठरलेले असेल, तर निवडून आलेल्या सदस्यांनी करायचे काय? सहकारी बँक, गृहनिर्माण संस्था किंवा ग्रामपंचायत यांच्या सभांचा अनुभव असलेल्या वाचकाला याचे उत्तर अपरिचित नाही. सभेतील खरी सत्ता मतमोजणीपूर्वीच्या कागदांत असते. विषयपत्रिका कोण तयार करतो आणि ती किती दिवस आधी मिळते? अंदाजपत्रकाची प्रत सभेपूर्वी हाती पडते की टेबलावर ठेवली जाते? मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते की वाचले असे गृहीत धरले जाते? महत्त्वाचा खर्च नियमित विषयांत येतो की अखेरच्या पाच मिनिटांत ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयां’त? प्राचार्य सदस्य-सचिव असल्याने या कागदांचा मार्ग त्यांच्या टेबलावरून जातो.

‘सर्वानुमते मंजूर’ हे दोन शब्द इतिवृत्तात लिहिणे सोपे असते. एखाद्या सदस्याने विरोध नोंदवला असेल आणि तो लिहिला गेला नसेल, तर काही महिन्यांनी त्याचे मत कधी अस्तित्वात नव्हते असेच कागद सांगतो. म्हणूनच भिन्नमताची लेखी नोंद हे अल्पमतातील सदस्याचे सर्वांत प्रभावी साधन आहे. ते वापरण्यास शिक्षक कचरतात, यालाही कारण आहे. पदोन्नतीचे प्रस्ताव, रजा, संशोधनासाठीची परवानगी या सर्वांवर प्राचार्यांची स्वाक्षरी लागते. विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण हे मार्ग उपलब्ध असले, तरी ते दाद मागण्याचे मार्ग आहेत. दैनंदिन धैर्य ते पुरवू शकत नाहीत.

टिळकांचा राजीनामा

शिक्षकांच्या हाती कारभार गेला म्हणजे वाद मिटतात, असेही नाही. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेले लोकमान्य टिळक हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा आणि १८८५ मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचा कारभार आजीव सदस्य, म्हणजे तेथे शिकवणारे शिक्षकच पाहत. तरीही वेतनवाढ, बक्षिसाची रक्कम, आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरची कामे स्वीकारावीत की नाही, या प्रश्नांवर टिळक आणि आगरकर-गोखले आदी सहकाऱ्यांत तीव्र मतभेद झाले. टिळकांचे मत अल्पमतात गेले आणि डिसेंबर १८९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. या राजीनाम्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्यासोबत त्यांनी वादांचा सविस्तर लेखी इतिहास दिला. त्यामुळेच सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही त्या बैठकांतील मतभेदांचे स्वरूप कळू शकते. मतदानात हरलेल्या सदस्याच्या हाती शेवटी नोंदच उरते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

स्वायत्ततेनंतर काय?

राज्यातील अनेक महाविद्यालये स्वायत्ततेकडे वळत आहेत. स्वायत्त महाविद्यालयाला अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचे मोठे स्वातंत्र्य मिळते. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार नियामक मंडळ, विद्वत परिषद, अभ्यास मंडळे आणि वित्त समिती स्थापन होतात. या मंडळांवर शिक्षक येतात ते प्रामुख्याने पदामुळे, ज्येष्ठतेनुसार किंवा प्राचार्यांच्या नियुक्तीने. सहकाऱ्यांच्या मतदानाने नव्हे. अभ्यासक्रमाचा अधिकार मुंबईहून महाविद्यालयात येत असताना निर्वाचित प्रतिनिधित्वाची जागा मात्र विकास समितीपुरतीच राहते.

याबाबत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने वेगळी वाट धरली. तेथील सामुदायिक महाविद्यालयांसाठी १९८८ मध्ये कायदा झाला आणि त्याखालील नियमांनी अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, गुणांकन धोरण अशा ठरावीक शैक्षणिक विषयांत विश्वस्त मंडळाने शिक्षकांच्या प्रतिनिधी सभेशी विचारविनिमय करणे बंधनकारक केले. कोणत्या विषयात शिक्षकांच्या मताला प्राधान्य द्यायचे आणि कोणत्या विषयात परस्पर संमतीने निर्णय घ्यायचा, हे मंडळाला अगोदर जाहीर करावे लागते. त्यामुळे तेथील वाद संपले नाहीत; परंतु मत विचारलेच नाही असे म्हणण्याची सोय उरली नाही.

नागरिक काय विचारू शकतात?

आपल्याकडील कायद्यातही विचारण्याजोगे पुष्कळ आहे. समितीच्या वर्षातून किमान चार बैठका झाल्याच पाहिजेत. ३० जूनला संपणाऱ्या वर्षातील कामाचा अहवाल समितीने संस्थेला आणि विद्यापीठाला सादर करावयाचा असतो. नॅकच्या मूल्यांकनात कारभार व नेतृत्व हा स्वतंत्र निकष असल्याने अनेक महाविद्यालये समितीची इतिवृत्ते संकेतस्थळावर ठेवतात. जेथे ती ठेवलेली नसतील, तेथे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या शिक्षण संस्था या कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही महाविद्यालयाच्या प्रकरणात १७ सप्टेंबर २०१९ रोजी दिला.

पालकाने बैठकांच्या तारखा विचाराव्यात. माजी विद्यार्थी संघटनांनी आपल्यापैकी कोण समितीवर आहे आणि त्याने कोणते विषय मांडले, हे जाणून घ्यावे. शिक्षकांनी आपल्या तीन प्रतिनिधींकडून प्रत्येक बैठकीनंतर वृत्तांत मागावा. पंधरापैकी नऊ मते कोणाची, हा प्रश्न कायद्यातील दुरुस्तीशिवाय सुटणार नाही. परंतु चार बैठका, वेळेवर मिळणारी विषयपत्रिका आणि प्रामाणिक इतिवृत्त या गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही. त्या मागण्याचा हक्क आजही आहे.