विश्लेषण : धुरकट, कोवळ्या स्कॉचचा भाव कसा जोखावा?

हापूसच्या पहिल्या पेटीला रत्नागिरीत चढा भाव मिळतो, तो लवकर आल्याचा. चव सर्वांत सरस असते म्हणून नव्हे. आयात स्कॉचच्या बाटलीचेही तसेच. लेबलवर जेमतेम ५ वर्षांचे वय, किंमत मात्र काही हजार. मग पैसे नेमके कशाचे?

धुराचा वास येतो कुठून?

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. भिजवून मोड आणलेले बार्ली त्याच्या धुरावर वाळवतात. धुरातील फिनॉल दाण्यात मुरतात आणि पुढे मद्यात उतरतात. कोकणात भाजावळीच्या दिवसांत कपड्यांना बसणारा वास आठवावा. त्यात थोडा आयोडिनचा, औषधी वास मिसळला की आयला बेटावरच्या व्हिस्कीचा अंदाज येतो. फिनॉलचा 'पीपीएम' आकडा बहुधा बार्लीचा असतो, बाटलीतील मद्याचा नव्हे. त्यामुळे केवळ त्यावर भुलू नये.

कमी वय हा दोष आहे का?

स्कॉच किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात मुरवावी लागते. लेबलवरचे वय मिश्रणातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. मुरताना धूर मवाळ होत जातो. म्हणून आर्डबेगची ५ वर्षांची 'वी बीस्टी' मुद्दाम कोवळी ठेवलेली आहे. धूरच हवा असेल, तर कमी वय ही खोट नव्हे. मात्र लाकडातून येणारा व्हॅनिला, सुकामेव्याचा गोडवा तिच्यात कमी मिळतो.

गोव्याचा अनुभव काय?

कुंकळ्ळीत तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या 'बोल्ड' या धुरकट सिंगल माल्टवर वयाचा आकडा नसतो. उष्ण हवेत लाकडाचा अंश लवकर उतरतो. पिंपातून उडून जाणारे मद्यही स्कॉटलंडपेक्षा बरेच जास्त. म्हणजे तिथली आणि इथली वर्षे सारखी मोजता येत नाहीत.

किंमत कशाने फुगते?

बराचसा वाटा करांचा. स्कॉचवरील १५० टक्के सीमाशुल्क आधी ७५ आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर आणण्याचे भारत-ब्रिटन व्यापार करारात ठरले. त्यावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. राज्याचे उत्पादन शुल्क वेगळे. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरील हे शुल्क २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्क्यांवर आणले होते.

पारख कशी करावी?

रंगावर जाऊ नये. स्कॉचमध्ये कॅरमल रंग घालण्यास परवानगी आहे. मद्यार्काचे प्रमाण पाहावे : ७५० मिलीच्या ४० टक्के बाटलीत ३०० मिली मद्यार्क, तर ४६ टक्क्यांच्या बाटलीत ३४५ मिली. भाव सारखा असेल, तर दुसरी बाटली पाणी जास्त पेलते. आधी नुसता वास घ्यावा, मग चमचाभर पाणी घालून पुन्हा. धूर ओसरल्यावर लिंबू, मीठ, माल्टचा गोडवा जाणवला, तर पैसे वसूल. नुसती राख आणि घशात जळजळ उरली, तर आकडा कितीही मोठा असो, सौदा महागच. पूर्ण बाटली घेण्याआधी परवानाधारक बारमध्ये एक पेग चाखणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे आणि परवानाही लागतो. शिवाय चव कितीही चांगली असली, तरी मद्य आरोग्याला अपायकारकच.