आडात आहे, मग पोहऱ्यात का येत नाही?



प्रत्येक गावात अशी माणसे असतात. पानाचा रंग पाहून पिकाला काय कमी पडले ते सांगतील. आडत्याचा हिशेब कागदाशिवाय तोंडी तपासतील. कोणत्या साली कोणत्या नक्षत्राने दगा दिला तेही त्यांच्या ध्यानात असते. पण तहसील कार्यालयात साधा अर्ज लिहायची वेळ आली, की त्यांच्या हाताला घाम फुटतो. "उद्या आणून देतो" म्हणून ती परत फिरतात आणि उद्या काही उजाडत नाही. नुकसानीचा पंचनामा राहतो, शेतरस्त्याची तक्रार राहते, हक्काचे पैसे राहतात. गरज नडलीच तर कोणाच्या तरी मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

यातील काहींना शाळाच मिळाली नाही. पण काहीजण शाळेत गेले, मार खाल्ला, वर्षानुवर्षे पाटी गिरवली, तरी अक्षर वश झाले नाही. अखेर "ढ" हा शिक्का घेऊन त्यांनी शाळा सोडली. आजचा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. हा बुद्धीचा दोष नव्हे, आळसही नव्हे. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्याचे मेंदूचे काम काहीजणांत जन्मतःच वेगळ्या रीतीने चालते. अशा मुलाला 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत घोटाळा होतो. काना-मात्रा सुटतात, जोडाक्षर आले की गाडी अडते. बरेचदा हे घराण्यातही चालत येते. बाप आणि लेक दोघेही लिहिण्यात कच्चे, पण बोलण्यात आणि कामात तरबेज, अशी घरे आपल्या पाहण्यात असतील.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली १४ वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकीगत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. हा मुलगा ७४९ गुणिले ८६७ हे गणित झटपट व बिनचूक करी, पण स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करी. शिकवणे सगळे तोंडी असते, तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. बंधूंनो, या मताला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपण मात्र अजून छडीच शोधतो.

अलीकडे 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूंची विविधता, हा शब्द रूढ झाला आहे. डिस्लेक्सिया, स्वमग्नता, चित्त एका जागी न ठरणे ही त्यातील उदाहरणे. एकाच शिवारात काळी जमीन असते, मुरमाड असते, चोपणही असते. आपण जमिनीला शिव्या देत नाही. तिची जात ओळखून पीक आणि मशागत ठरवतो. माणसांच्या बाबतीतही हेच धोरण हवे.

आपल्याकडे "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार" अशी म्हण आहे. इथे मात्र आड तुडुंब भरलेला आहे, पोहरा तेवढा गळका. पोहरा बदलण्याची सोय आता हातातल्या फोनमध्ये आली आहे. मराठीत बोललेले टिपून घेण्याची सोय गूगलने २०१७ साली दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि त्यानंतर तशी अनेक साधने आली. यांनाच कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा एआय म्हणतात. आपण मागे-पुढे, तुटक जसे बोलू, त्यातून हे साधन नीट अर्ज तयार करून देते.

ते वापरावे कसे? समजा ओढ्याचे पाणी सोयाबीनमध्ये शिरले. माइकचे चिन्ह दाबून सावकाश सांगा: "परवा रात्री ओढ्याचं पाणी शेतात आलं, दोन एकर सोयाबीन पाण्यात गेलं, पंचनामा करून पाहिजे. तहसीलदारांना अर्ज लिही. मी सांगितलं तेवढंच लिही, पदरचं काही घालू नको. काही राहिलं असेल तर मला विचार." हे शेवटचे दोन वाक्यांश विसरू नका. पुढील पथ्येही पाळा.

१. तयार झालेला अर्ज फोनकडून मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे वाचण्याचाही ताण राहत नाही. एखादे वाक्य आपल्या मनातले नसेल तर ते काढायला सांगा.

२. आकडे स्वतः तपासा. फोन 'सात'चे 'साठ' ऐकू शकतो. गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा. दोन एकर म्हणजे सुमारे ०.८१ हेक्टर, हे लक्षात ठेवा.

३. हे साधन पुष्कळ मजकुरावरून शब्दांची जुळणी शिकलेले असते; आपले शेत त्याने पाहिलेले नाही. माहिती कमी पडली, तर ते खोटी तारीख किंवा भलताच नियमही ठामपणे लिहून देईल. अर्जाखाली सही आपली असते, म्हणून जबाबदारीही आपलीच. योजनेचे नियम आणि औषधाची मात्रा त्याच्या भरवशावर ठरवू नका.

४. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक आणि ओटीपी फोनला सांगू नका. आवश्यक तेवढी माहिती छापील कागदावर नंतर हाताने भरा.

आता घरातील लेकरांविषयी. मूल तोंडी चटपटीत उत्तरे देते, पण आठ-नऊ वर्षांचे झाले तरी वाचताना अडखळते, असे दिसले तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग शाळेत बोला आणि शासकीय रुग्णालयात चौकशी करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि शिकण्यातील ही विशिष्ट अक्षमता त्यांपैकी एक आहे. अधिकृत प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. धडा फोनकडून ऐकण्यास मुलाला जरूर मुभा द्या. निबंध मात्र फोनकडून आयता घेऊ देऊ नका. मुलाने आधी आपल्या मनातले बोलावे, फोनने ते टिपावे आणि मुलाने ते सुधारावे. विचार मुलाचाच राहिला पाहिजे.

माता-भगिनींनो, बचत गटाच्या सभेत मुद्देसूद बोलणारी एखादी बाई इतिवृत्त लिहिण्याच्या धास्तीने सचिवपद नाकारते. तिने सभा झाल्यावर ठराव फोनला सांगावेत, ऐकून दुरुस्त करावेत, दुसऱ्या सभासदाकडून पडताळून वहीत उतरवून घ्यावेत. केवळ लेखणी चालत नाही म्हणून जाणत्या माणसाने मागे बसू नये.

आपल्या घरी कोणाचा अर्ज लिहायचा राहिला असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ निवांत बसा. लिहून देण्याची घाई करू नका. फोन त्यांच्या हातात द्या आणि त्यांना बोलू द्या.