नेपथ्यकार घडतो कुठे?

नेपथ्यकाराचे काम संहितेच्या वाचनापासून सुरू होते. पात्रे कुठून येतात, कोणत्या दारामागे काय घडते, हे उमगल्यावरच ग्राउंड प्लॅन, मग प्रमाणातले मॉडेल आणि शेवटी सुताराला द्यायची मापे तयार होतात.

महाराष्ट्रात हे शिक्षण बराच काळ उस्तादाच्या हाताखालीच मिळे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि आनंदराव हे चुलतबंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्यांच्याकडे तयार झालेले फत्तेलाल पुढे प्रभात फिल्म कंपनीचे कलादिग्दर्शक झाले. पुण्यातल्या प्रभात स्टुडिओच्या आवारातच १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे पदवीनंतर कलादिग्दर्शन व प्रॉडक्शन डिझाइन शिकता येते. चित्रकला, उपयोजित कला किंवा वास्तुकला शिकून आलेल्यांना हा मार्ग सोपा जातो, कारण रेखाटनाचा हात आधीच बसलेला असतो.

रंगभूमीसाठी दिल्लीचे राष्ट्रीय नाट्यविद्यालय (१९५९) आहे. इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ या काळात तिथे नेपथ्य, प्रकाश आणि वेशभूषेला अभिनयाइतकीच शिस्त लावली. फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत त्यांनी ‘अंधा युग’ हे नाटक सादर केले. नेपथ्य म्हणजे केवळ काहीतरी बांधणे नव्हे, योग्य जागा ओळखणे हेही नेपथ्यच, हा धडा त्या प्रयोगाइतका स्पष्ट क्वचितच कुणी दिला असेल.

नेपथ्याचीच नजर प्रदर्शनाच्या मांडणीतही लागते, पण प्रदर्शनाचे शास्त्र वेगळे. नाटकाचा प्रेक्षक बसून असतो, इथला चालतो, थांबतो, कंटाळतो. त्यामुळे वाटेचा ओघ, फलकाची उंची, अक्षरांचा आकार ही मुख्य गणिते ठरतात. जुने कापड किंवा लघुचित्र असेल तर प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच ठेवावा लागतो, नाहीतर रंग उडतात. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (१९६१) हा विषय शिकवते. चार्ल्स आणि रे ईम्स यांच्याबरोबर तिने केलेले १९६५ चे नेहरू प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये मांडले गेले. वस्तूंची जपणूक आणि मांडणी दोन्ही शिकायच्या असतील, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे.

वर्गात मात्र एक गोष्ट पुरती शिकता येत नाही. मराठी व्यावसायिक नाटकाचा सेट टेम्पोत मावला पाहिजे, दुपारच्या प्रयोगाआधी थोड्या वेळात उभा राहिला पाहिजे आणि दर नाट्यगृहाच्या बदलत्या रंगमंचावर बसला पाहिजे. फ्लॅट (भिंतीसारखी रंगवलेली चौकट) कुठे जोडायचा, लेव्हल (रंगमंचावरचा उंचवटा) किती भार पेलेल, विंगेत वेशबदलाला जागा उरते का, याचे उत्तर बॅकस्टेजचा अनुभवी कामगार चित्र न काढताही देतो. उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी पहिल्या दौऱ्यात अडतो तो इथेच.

म्हणून निर्मात्यांनी दौऱ्यावर निदान एका शिकाऊ नेपथ्यकाराला मानधन देऊन सोबत घ्यावे, आणि संस्थांनी त्या दौऱ्याला अभ्यासक्रमात गुण द्यावेत.