'क्रिसन' : न्हाण की नाव?

इंग्रजीतील 'क्रिसन' या क्रियापदाचे दोन अर्थ कोशात सापडतात : बाप्तिस्मा देणे आणि नाव ठेवणे. पाण्याचा संस्कार आणि नाव एका शब्दात कसे आले, हे पाहण्यासारखे आहे.

मूळ अर्थात नावाचा मागमूसही नाही. जुन्या इंग्रजीत 'क्रिस्टनिअन' म्हणजे 'ख्रिस्ती करणे', एवढेच. त्याच्या मुळाशी ग्रीक 'ख्रिस्तोस', म्हणजे अभिषिक्त. तेही हिब्रू 'मशिआह'चे भाषांतर. 'बाप्तिस्मा' मात्र वेगळ्या घरचा. ग्रीकमध्ये त्याच्या धातूचा अर्थ बुडवणे. कापड रंगात बुडवण्यालाही तोच धातू चाले.

मग नाव आले कुठून? तान्ह्या मुलांमुळे! प्रौढ माणूस बाप्तिस्म्याला येई तो आपले नाव घेऊनच. पुढे अर्भकांना बाप्तिस्मा देण्याचा प्रघात पडला. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनाविधीत पाद्री धर्मपालकांना बाळाचे नाव सांगायला लावतो आणि त्याच नावाने त्याला बाप्तिस्मा देतो. जमलेल्यांच्या ध्यानात राहते ते नाव. तेव्हा पंधराव्या शतकापासून 'क्रिसन'चा अर्थ 'नाव ठेवणे' असाही होऊ लागला, यात नवल नाही. पुढे जहाजांचेही 'क्रिसनिंग' होऊ लागले. जहाज काही ख्रिस्ती होत नाही. तिथे मद्याची बाटली फुटते आणि उरते ते नाव! (आपल्याकडे हे काम नारळावर भागते.)

आपल्या 'बारशा'ची गंमत उलटी आहे. ते द्वादश या शब्दावरून आले. त्यात नावही नाही नि पाणीही नाही, आहे तो केवळ दिवसांचा हिशोब. आज सोयीचा रविवार पाहून विसाव्या दिवशी पाळणा हलवला तरी ते बारसेच!

मराठी मुलखात मात्र या दोन अर्थांतील अंतर नुसते कोशापुरते राहिले नाही. पोर्तुगीजांच्या गोव्यात बाप्तिस्म्याबरोबर नवे नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे लागे. तिथे पाणी आणि नाव एकच झाले. उलट बाबा पदमनजींनी १८५४ साली आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तो आपापले नाव राखून. धर्म बदलला म्हणून आईबापांनी ठेवलेले नाव टाकलेच पाहिजे असे नाही, हे त्यांनी न बोलता दाखवले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण या दोहोंच्या मधले. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा 'मेरी रमा' असे नाव मिळाले खरे; पण लोकांनी त्यांना पंडिता रमाबाई म्हणूनच ओळखले.

म्हणून 'क्रिसन'चे मराठी करताना जरा थांबावे. तान्ह्या मुलाच्या संदर्भात 'नाव ठेवले' चालून जाईल. रमाबाई त्या वेळी पंचवीस वर्षांच्या होत्या. त्यांच्याविषयी लिहिताना 'बाप्तिस्मा' हाच शब्द हवा, आणि नावाची गोष्ट वेगळ्या वाक्यात.